वाहनाच्या इंजिनाचा यांत्रिक शीतकरण पंखा : बदलाची कारणे, पर्याय आणि पथ्ये

सारांश

अंतर्ज्वलन इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जेचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा हिस्सा रेडिएटरमार्फत हवेत सोडावा लागतो आणि त्यासाठी पंख्याची गरज भासते. जुन्या जीप व मोटारींमध्ये हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो काढून विजेवर चालणारा पंखा बसविण्याकडे अनेक वाहनधारकांचा कल दिसतो. हा बदल केव्हा योग्य ठरतो, केव्हा निरर्थक आणि केव्हा धोकादायक, याचे विवेचन प्रस्तुत लेखात भौतिकशास्त्राच्या परिचित नियमांच्या आधारे केले आहे.

बीजशब्द : शीतकरण, रेडिएटर, घननियम, सिलिकॉन क्लच, विद्युत पंखा, आल्टरनेटर.

१. प्रस्तावना

उन्हाळ्यात घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी राहिलेली वाहने हे महाराष्ट्रातील प्रवाशांच्या परिचयाचे दृश्य आहे. 'गाडी तापली' या दोन शब्दांत त्याचे वर्णन केले जाते. परंतु गाडी तापण्याची कारणे एकापेक्षा अधिक असतात आणि त्यांचे उपायही वेगवेगळे असतात. रेडिएटरच्या नळ्या गाळाने भरणे, थर्मोस्टॅट अडकणे, पाण्याचा पंप झिजणे, पट्टा सैल होणे, रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग निकामी होणे आणि पंख्याकडून पुरेशी हवा न मिळणे ही त्यांपैकी प्रमुख कारणे होत. यांपैकी शेवटचे कारण असेल तेव्हाच पंखा बदलण्याने प्रश्न सुटतो. निदान न करता पंखा बदलला, तर पैसे खर्च होतात आणि दोष मात्र तसाच राहतो. दोष तसाच राहिला की पुढे सिलिंडर हेड वाकणे, हेड गॅस्केट जाणे, प्रसंगी संपूर्ण इंजिन जाम होणे अशी हानी संभवते. म्हणून वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या बदलाचा विचार शास्त्रीय भूमिकेतून होणे अगत्याचे आहे.

२. यांत्रिक पंख्याची रचना आणि त्याची मर्यादा

ज्या वाहनांत इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असते, त्यांत इंजिनाची पुढील बाजू थेट रेडिएटरसमोर येते. त्यामुळे पाण्याच्या पंपाच्या कप्पीवरच पंखा बसविणे ही सर्वांत सोपी रचना ठरली. जीप आणि अॅम्बॅसॅडर या भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या वाहनांत हीच रचना होती. पुढे आडवे इंजिन बसविण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा इंजिनाची कप्पी वाहनाच्या बाजूकडे गेली आणि समोरच्या रेडिएटरचा पट्ट्याशी असलेला सरळ संबंध तुटला. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी मोटारीत या अडचणीवर मात करण्यासाठी रेडिएटरच बाजूला, चाकाच्या कमानीजवळ बसविण्यात आला होता. नंतरच्या बहुतेक आडव्या इंजिनांच्या मोटारींनी रेडिएटर पुढेच ठेवला आणि पंख्याला स्वतंत्र विद्युत मोटार दिली. म्हणजे विद्युत पंख्याचा प्रसार केवळ इंधन बचतीच्या हेतूने झाला नाही. त्यामागे रचनेची अपरिहार्यताही होती.

यांत्रिक पंख्याचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. त्यात तारा नाहीत, फ्यूज नाही, रिले नाही. पट्टा शाबूत आहे तोवर पंखा फिरणारच. त्याचा मूलभूत दोष असा की, त्याची गती इंजिनाच्या गतीशी बांधलेली असते आणि शीतकरणाची गरज मात्र तशी बांधलेली नसते. वाहतुकीच्या कोंडीत गाडी उभी असताना समोरून वारा मिळत नाही, पंख्याची गरज सर्वाधिक असते. नेमक्या त्याच वेळी इंजिन मंद गतीवर असल्याने पंखाही मंद फिरतो. याउलट महामार्गावर ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच सामान्यतः पुरेसा असतो. तेव्हा पंखा विनाकारण वेगाने फिरत राहतो.

३. घननियम आणि शक्तीचा व्यय

हा विनाकारण फिरण्याचा खर्च किती, याचे उत्तर पंख्यांच्या समरूपता नियमांत मिळते. एकाच पंख्याची गती बदलली असता हवेचा प्रवाह गतीच्या सम प्रमाणात, निर्माण होणारा दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती दुप्पट झाली की हवा दुप्पट मिळते; परंतु शक्ती मात्र आठपट खर्च होते.

उदाहरणादाखल, मिनिटाला २००० फेऱ्यांवर ०.५ किलोवॅट शक्ती घेणारा पंखा गृहीत धरू. तोच पंखा ३००० फेऱ्यांवर सुमारे १.७ किलोवॅट आणि ४००० फेऱ्यांवर ४ किलोवॅट शक्ती घेईल. महामार्गावर ३००० फेऱ्यांवर इंजिन २५ किलोवॅट शक्ती देत असेल, तर तिच्यातील जवळजवळ सात टक्के शक्ती पंख्यावर जाते. प्रत्यक्षात समोरच्या वाऱ्यामुळे पंख्यावरील भार काहीसा कमी होतो, म्हणून हा आकडा वरची मर्यादा मानावा. दुसऱ्या टोकाला, ८०० फेऱ्यांवर हाच पंखा २००० फेऱ्यांच्या तुलनेत अवघी ४० टक्के हवा देतो. गरज नसताना अतिरेक आणि गरज असताना टंचाई, असे या रचनेचे दुहेरी वैगुण्य आहे.

४. घाटातील गरजेचा हिशोब

पंखा बदलण्यापूर्वी किती हवा हवी हे ठरविणे आवश्यक असते. सुमारे ४५ किलोवॅट क्षमतेचे डिझेल इंजिन असलेली जीप भर उन्हाळ्यात घाट चढत आहे आणि इंजिनाकडून कूलंटला ३० किलोवॅट उष्णता मिळत आहे, असे मानू. बाहेरील तापमान ४५ अंश सेल्सिअस आहे आणि रेडिएटरमधून जाताना हवा ३० अंशांनी तापते, असेही गृहीत धरू. हवेची विशिष्ट उष्णता प्रति किलोग्रॅम सुमारे १ किलोज्यूल आहे. म्हणजे सेकंदाला साधारण १ किलोग्रॅम हवा लागेल. ४५ अंशांवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.११ किलोग्रॅम असल्याने हे आकारमान सेकंदाला ०.९ घनमीटर, अर्थात ९०० लिटर इतके होते.

विदर्भातील उन्हाळा आणि महाबळेश्वरची थंडी यांत फरक पडतो तो येथेच. कूलंटचे तापमान ९५ अंश असेल, तर २० अंशांच्या हवेशी त्याचा फरक ७५ अंशांचा असतो; ४५ अंशांच्या हवेशी तो फक्त ५० अंश उरतो. उष्णता वाहून नेणारा फरकच एक तृतीयांशाने घटल्यामुळे हिवाळ्यात निर्धोक चालणारी गाडी मे महिन्यात तापते. समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी कमी होते, म्हणजे तितक्याच आकारमानाच्या हवेत उष्णता वाहणारे वस्तुमान कमी असते. उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो. रेडिएटरचे झाकण सुस्थितीत असेल, तर ते यंत्रणेत वातावरणापेक्षा सुमारे ०.९ बार अधिक दाब राखते आणि समुद्रसपाटीला साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ ११९ अंशांपर्यंत नेते. झाकणाची स्प्रिंग गेलेली असेल, तर हे संरक्षण नष्ट होते आणि दोष मात्र पंख्याच्या माथी मारला जातो.

५. पहिला पर्याय : सिलिकॉन क्लचचा पंखा

यांत्रिक पंखा काढून न टाकता त्याची गती आवश्यकतेप्रमाणे बदलावी, या विचारातून सिलिकॉन तेलाचा क्लच आला. यात कप्पीला जोडलेली चकती आणि पंख्याला जोडलेले कवच यांच्यामध्ये बारीक खोबणींची अरुंद फट असते. फटीत दाट सिलिकॉन तेल असले की त्याच्या श्यानतेमुळे चकतीची गती कवचाला मिळते. तेल मागील कप्प्यात परतले की पंखा जवळजवळ मोकळा होतो. क्लचच्या समोर द्विधातूची गुंडाळी बसविलेली असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वळते, झडप उघडते आणि तेल फटीत उतरते. हवा निवली की झडप मिटते आणि फटीतील तेल हळूहळू कप्प्यात परत जाते.

या रचनेत वीज लागत नाही आणि गरज नसताना होणारा शक्तीचा अपव्यय बराच टळतो. पूर्ण जोडलेल्या अवस्थेतही थोडी घसरण राहतेच आणि मंद गतीवर पंखाही मंदच राहतो, ही तिची मर्यादा. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवावा. तापलेल्या इंजिनावर तो किंचित विरोध करीत थांबला पाहिजे. झटका दिल्यावर तो कितीतरी वेळ फिरत राहिला, तर तेल गळून क्लच निकामी झाला असे समजावे. क्लचच्या मध्यापासून बाहेर पसरलेले तेलकट पट्टे हेच सुचवितात. पंखा पुढे-मागे हलत असेल, तर क्लचचे अथवा पंपाचे बेअरिंग झिजलेले आहे.

अवजड वाहनांत क्लचचाच पर्याय का टिकून आहे, हेही येथे स्पष्ट होते. मोठ्या ट्रकच्या पंख्याला १० किलोवॅट शक्ती लागत असेल, तर २४ व्होल्टच्या विद्युत यंत्रणेतून त्यासाठी ४०० अँपिअरहून अधिक प्रवाह घ्यावा लागेल. त्या वाहनांच्या नेहमीच्या आल्टरनेटरला ते शक्य नाही.

६. दुसरा पर्याय : विद्युत पंखा

विद्युत पंख्याची गती इंजिनापासून स्वतंत्र असते, हाच त्याचा खरा लाभ. कोंडीत उभ्या गाडीलाही तो पूर्ण हवा देतो आणि महामार्गावर बंद राहतो. परंतु 'विजेचा पंखा म्हणजे फुकटची हवा' हा समज चुकीचा आहे. घाटातील वरील उदाहरणात ०.९ घनमीटर हवा रेडिएटरमधून २०० पास्कल दाबाच्या विरुद्ध ढकलायची असेल, तर हवेला १८० वॅट शक्ती द्यावी लागते. मोटार आणि पाती यांची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर विजेची गरज ४५० वॅट होते, १३.५ व्होल्टवर हा प्रवाह सुमारे ३३ अँपिअर होतो. आल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के मानल्यास इंजिनावर ०.८ किलोवॅटचा भार पडतो. हीच हवा यांत्रिक पंखा ३५ टक्के कार्यक्षमतेने देत असेल, तर त्याला ०.५ किलोवॅट पुरतात.

म्हणजेच घाटात, पंखा अखंड चालत असताना, विद्युत पंखा अधिक शक्ती खातो. त्याची बचत पंखा बंद असण्याच्या काळात होते, चालू असण्याच्या काळात नव्हे. ज्या वाहनाचा बहुतेक प्रवास महामार्गावर होतो, त्याला हा बदल लाभदायक आहे. शेतमाल वा प्रवासी घेऊन दिवसभर घाटात चढउतार करणाऱ्या वाहनाला इंधनाच्या दृष्टीने त्याचा लाभ नगण्य आहे.

याच हिशोबातून दुसरा निष्कर्ष निघतो. जुन्या जीपचा आल्टरनेटर ३५ ते ४० अँपिअरचा असेल, तर ३३ अँपिअरचा पंखा त्याची जवळजवळ सारी क्षमता व्यापतो. रात्री ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ८ अँपिअर घेतात. शिवाय आल्टरनेटर पूर्ण क्षमता वेगाने फिरतानाच देतो. मंद गतीवर ती बरीच घटते. रात्रीच्या घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ही तूट बॅटरीतून भरून काढली जाते आणि बॅटरी उतरली की पंखाही मंदावतो. त्यामुळे मोठा आल्टरनेटर बसविल्याशिवाय असा बदल पूर्ण होत नाही. खर्चाचा अंदाज करताना केवळ पंख्याची किंमत पाहणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते. उलट, आल्टरनेटरला झेपेल असा दहा-बारा अँपिअरचा लहान पंखा निवडला, तर तो शहरात चालतो आणि घाटात दगा देतो.

७. तारा, रिले आणि तापमान-स्विच

पंख्याचा प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून थेट नेणे अयोग्य आहे. स्विचने केवळ रिलेची गुंडाळी चालवावी आणि मुख्य प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे रिलेतून पंख्याकडे जावा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. अन्यथा फ्यूजपूर्वीची तार घासून उघडी पडल्यास आगीचा धोका राहतो. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते, हे फ्यूज व रिले निवडताना ध्यानात ठेवावे.

तारेची जाडी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. ३ मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०५ ओहम भरतो. २५ अँपिअर प्रवाहाला तिच्यात जवळजवळ १.३ व्होल्टची घट होते आणि तार तापते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सुमारे ०.३ व्होल्टवर येते. पंखा 'कमी हवा देतो' या तक्रारीचे मूळ अनेकदा बारीक तारेत वा सैल अर्थिंगमध्ये असते.

तापमान-स्विच थर्मोस्टॅटशी जुळला पाहिजे. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडू लागत असेल, तर पंखा ९२ ते ९५ अंशांना सुरू व्हावा आणि ८७ अंशांच्या आसपास बंद व्हावा. पंखा थर्मोस्टॅटपेक्षा कमी तापमानाला बंद होणार असेल, तर तो कधीच बंद होत नाही आणि बदलाचा हेतूच विफल होतो. स्विच बिघडल्यास पंखा हाताने सुरू करता येईल असा स्वतंत्र स्विच आणि पंखा चालू असल्याचे दर्शविणारा दिवा, या दोन गोष्टी अल्प खर्चात मोठी सुरक्षितता देतात. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेताना पंखा बंद ठेवता येणे हाही विद्युत पंख्याचा गुण आहे. यांत्रिक पंख्याची पाती पाण्यात पुढे वाकून रेडिएटरला लागण्याची भीती असते.

८. जोडणीतील पथ्ये

पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसविलेला पंखा बंद असताना समोरून येणाऱ्या वाऱ्याला अडथळा करतो. पंख्याभोवतीचे आच्छादन, ज्याला गॅरेजमध्ये श्राउड म्हणतात, ते अनेक वाहनांतून दुरुस्तीच्या वेळी काढले जाते आणि परत बसविलेच जात नाही. आच्छादन नसले की पंखा स्वतःसमोरील वर्तुळापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात आणि इंजिनाकडील तापलेली हवा वळून पुन्हा पुढे येते. कित्येक प्रसंगी नवा पंखा घेण्याऐवजी हरवलेले आच्छादन परत बसविणे हाच उपाय असतो. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधण्याची पद्धत टाळावी. कंपनाने पट्टी नळीवर घासून अखेर छिद्र पाडते.

काम थंड इंजिनावर आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवून करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे भाजण्याला निमंत्रण होय. पट्टा ताणलेला असतानाच पंख्याचे बोल्ट सैल करावेत, म्हणजे कप्पी फिरत नाही. काही वाहनांत सिलिकॉन क्लचचा मुख्य नट उलट्या आट्याचा असतो. दिशा न ओळखता जोर केल्यास पंपच मोडतो. रेडिएटरसमोर जाड पुठ्ठा धरल्याने जाळी वाचते. यांत्रिक पंखा काढल्यावर तेच बोल्ट कप्पीला लांब पडतात; ते पंपाला टेकतात किंवा कप्पी घट्ट धरत नाहीत. तेथे योग्य लांबीचे बोल्ट वापरावेत. पंख्याचे वजन गेल्याने पंपाच्या बेअरिंगचा भार मात्र हलका होतो.

पंख्याच्या पात्यांना तडा गेला असेल, तर तो पंखा कोणत्याही परिस्थितीत पुन्हा बसवू नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याच्या पात्याचे टोक ४००० फेऱ्यांवर ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने फिरते. १०० ग्रॅम वजनाच्या पात्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून १३ सेंटिमीटरवर असेल, तर ते मुळापासून सुमारे २३०० न्यूटन, म्हणजे २३० किलोग्रॅम वजनाइतक्या ओढीखाली असते. असे पाते तुटल्यास बॉनेट फोडून बाहेर येऊ शकते. वाकलेले पाते ठोकून सरळ करणे, तडा वितळजोडाने सांधणे हे प्रकार काटकसरीचे वाटले, तरी चालू इंजिनावर वाकून उभ्या राहणाऱ्या मिस्त्रीच्या जिवावर ते बेततात. विद्युत पंख्याचा धोका वेगळा आहे : किल्ली काढल्यावरही तो अकस्मात सुरू होऊ शकतो. म्हणून हात घालण्यापूर्वी त्याचा फ्यूज वा बॅटरीचे टोक सोडविणे इष्ट.

९. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचा एक साधा क्रम मांडता येतो. गाडी उभी असताना वा संथ चालताना तापत असेल आणि वेग घेताच निवत असेल, तर दोष हवेच्या प्रवाहात, म्हणजे पंखा, क्लच, पट्टा वा आच्छादन यांत असण्याचा संभव अधिक. गाडी वेगात असताना तापत असेल, तर समोरून भरपूर वारा मिळत असूनही उष्णता बाहेर पडत नाही, असा अर्थ होतो. तेथे रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट वा कूलंट तपासावे. थंड इंजिन सुरू करताच कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट संशयास्पद आहे आणि कोणताही पंखा त्यावर उपाय नाही. बदल केल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने आणि दुपारच्या वेळी चाचणी घ्यावी. संध्याकाळच्या गारव्यात घेतलेली चाचणी फसवी असते.

संगणक-नियंत्रित नव्या मोटारींत हे स्वातंत्र्य मर्यादित आहे. तेथे पंख्याची गती नियंत्रण यंत्रणा ठरविते, वातानुकूलनही त्याच पंख्यावर अवलंबून असते. अशा वाहनांत त्याच क्षमतेचा मूळ सुटा भाग बसविणे श्रेयस्कर. पंखा हा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील नसला, तरी विद्युत जोडणीतील फेरफारांमुळे हमी आणि विम्याच्या अटींना बाधा येते का, हे आधी पाहून घ्यावे.

१०. समारोप

यांत्रिक पंखा जुना आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही आणि विद्युत पंखा नवा आहे म्हणून सर्वत्र सरस ठरत नाही. शहर आणि महामार्ग यांत वावरणाऱ्या हलक्या वाहनाला पुरेशा आल्टरनेटरसह विद्युत पंखा उपकारक आहे. घाटातील भारवाहू वाहनाला सुस्थितीतील सिलिकॉन क्लच आणि अखंड आच्छादन अधिक विश्वासार्ह आहे. दोहोंपैकी काहीही निवडण्यापूर्वी किती उष्णता, किती हवा आणि किती अँपिअर, हे तीन प्रश्न सोडविणे अपरिहार्य आहे. या प्रश्नांची उत्तरे पदवीपूर्व वर्गातील भौतिकशास्त्रात उपलब्ध आहेत. उष्णतेचे समीकरण, ओहमचा नियम आणि अभिकेंद्री बल हे घटक शिकविताना गॅरेजमधील हा एक पंखा समोर ठेवला, तर विद्यार्थ्यांना सूत्रांचा अर्थ उमगेल आणि गॅरेजमधील अंदाजालाही मोजमापाची जोड मिळेल.